ट्रेलकर

ट्रेलकर ओळखायचा तो सायकलवरून नाही, नडगीवरून. गुडघ्याच्या खाली आणि घोट्याच्या वर, जिथे हाडावर मांस ठेवायला देव विसरला आहे, तिथे टोचल्याच्या दोन-तीन समांतर ओळी दिसल्या की समजावं, गृहस्थ डोंगरात सायकल चालवतात. माउंटन बाइकच्या पेडलवर बुटाची पकड बसावी म्हणून बारीक लोखंडी खिळे असतात. पाय निसटला की पेडल गर्रकन फिरतं आणि नडगीवर सही करून जातं. तुमच्या-माझ्यासारखा माणूस अशा जखमेवर हळद लावून वर फुल पँट चढवतो. ट्रेलकर पुढचा आठवडाभर हाफ पँटमध्येच वावरतो. बँकेत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आणि एकदा तर मेहुणीच्या साखरपुड्यातसुद्धा. कोणीतरी विचारावं एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. आणि जगात भाबड्या माणसांची वाण नसल्यामुळे कोणीतरी विचारतंच, "अरे, हे काय झालं?"

त्यानंतर विचारणाऱ्याची संध्याकाळ त्याची उरत नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक ट्रेलकर आहे. बाणेर-बावधनला ते झुंडीने आहेत, ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी आढळतात, नाशकातही वस्ती वाढते आहे. कॅलिफोर्नियात आणि सिअ‍ॅटलकडे त्यांच्या शाखा आहेत. पाटीवरची आडनावं निरनिराळी असली तरी कूळ एकच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बसून करायची, बहुतेक हिंजवडीला. फ्लॅटचं कर्ज निम्मं फिटलेलं आणि डॉक्टर एकदा सहज म्हणून गेलेले, "कोलेस्टेरॉल जरा काठावर आहे." या वाक्यानंतर काही लोक भात सोडतात, काही योगासनं सुरू करतात. ट्रेलकर सायकल घेतो.

सायकलवाल्यांतही पोटजाती आहेत आणि रोटीव्यवहार जेमतेम आहे. रोडवाले पहाटे साडेचारला अंगाला चिकटलेले कपडे घालून निघतात, एखादा घाट चढून येतात आणि नऊ वाजता ऑफिसात ताजेतवाने दिसतात. ब्रेव्हेवाले २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरचे टप्पे ठरलेल्या वेळेत पुरे करतात. दोनशेला साडेतेरा तास मिळतात आणि परत आल्यावर ते फारसं बोलत नाहीत, कारण बोलायला अंगात काही उरलेलं नसतं. पुण्याहून गोव्यापर्यंत सहाशेहून जास्त किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही शर्यत एका दमात करणारेही आहेत. ट्रेलकर या सगळ्यांकडे किंचित दयेने पाहतो. "डांबरावर काय काका, सायकल आपोआप जाते." हा स्वतः रविवारी सकाळी सहाला बाहेर पडून दुपारी बाराला परत येतो तेव्हा घामाने, चिखलाने आणि अभिमानाने निथळत असतो.

"किती झाली?" त्याचे वडील, आण्णा, पेपरातून डोकं न काढता विचारतात.

"अकरा किलोमीटर."

"चालत गेला असतास तर अकराला आला असतास."

आण्णांना सायकलीतलं कळतं. पुणे हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं त्या काळात ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि उभा जन्म त्यांनी चोवीस इंची काळ्या सायकलवर काढला. मुलाची नवी सायकल खोक्यातून बाहेर आली त्या दिवशी त्यांनी तिची जी तपासणी केली ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

"स्टँड कुठाय?"

"याला नसतो आण्णा."

"मडगार्ड?"

"नसतं."

"कॅरिअर? घंटी? चेनकव्हर? दिवा?"

"नाही, नाही. वजन वाढतं."

"कुलूप तरी?"

"ही बाहेर ठेवायचीच नाही. हॉलमध्ये ठेवायची."

आण्णांनी एकवार हॉलकडे पाहिलं, एकवार सायकलकडे. "मग पैसे कशाचे घेतले?"

पैसे किती घेतले हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. किंमत विचारली की ट्रेलकर म्हणतो, "नीट ठेवली तर दहा वर्षं बघायला नको." पण कशाचे घेतले हे मात्र तो तास तास सांगतो. पुढचं सस्पेन्शन १४० मिलिमीटर दबतं. मागचंही दबतं. टायर २९ इंची, हाताच्या तळव्याएवढे रुंद. आत ट्यूब नाही, एक पांढरं औषध असतं. बाभळीचा काटा घुसला की ते धावत जाऊन भोक बुजवतं. पुढे दात्यांचं चाक एकच, मागे बारा. आणि सर्वांत शेवटी, खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला प्रयोग म्हणजे ड्रॉपर पोस्ट. हँडलवरची कळ दाबून बूड टेकवलं की सीट सुळकन खाली जाते, उतारावर ती मध्ये येऊ नये म्हणून. ट्रेलकरने तो प्रयोग आण्णांना तीनदा करून दाखवला. आण्णा म्हणाले, "आमचीही जायची. नट ढिला असला की."

या सायकलीत हँगर नावाचा बोटभर अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असतो. मागचं गिअर बदलणारं यंत्र त्यावर टांगलेलं असतं. हा तुकडा मुद्दाम कमकुवत करतात, म्हणजे दगडाचा दणका बसला तर तो मोडावा आणि महागाची फ्रेम वाचावी. घरोघरी असा एक माणूस असतो, तेव्हा त्याची थोरवी निराळी सांगायला नको. अडचण एवढीच की हँगरचे शेकडो प्रकार आहेत, एका सायकलचा दुसरीला बसत नाही आणि आपल्याला हवा तो पुण्यात कधीच नसतो. त्यामुळे ट्रेलकरच्या सिअ‍ॅटलच्या आतेभावाच्या बॅगेतून हल्ली बदाम, चॉकलेटं आणि शाम्पू येईनासे झालेत. हँगर येतात, ब्रेकचे पॅड येतात, त्या पांढऱ्या औषधाच्या बाटल्या येतात. जाताना त्याच बॅगेतून भाजणी आणि मेतकूट जातं. उभय देशांतला हा व्यापार गेली काही वर्षं सुरळीत चालू आहे.

आता डोंगराकडे वळू. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. सकाळी तिथे मोर असतात, कुत्र्यांना फिरवणारे असतात, मोठमोठ्याने हसून फुप्फुसं साफ करणारी मंडळी असते आणि गुडघ्यावर प्रेम करत हळूहळू चालणारे निवृत्त लोक असतात. या सगळ्यांच्या मधून ट्रेलकर खाली येतो. टेकडीवरच्या ज्या पायवाटांना आजवर खाणीकडची, देवळामागची, पाण्याच्या टाकीची अशी साधी नावं होती, त्यांचं बारसं त्याच्या मित्रमंडळाने नव्याने केलं आहे. देवळामागचा उतार आता 'टेम्पल ड्रॉप' झाला. गुरांच्या वाटेला 'फ्लो ट्रेल' म्हणतात. आणि जिथे माझ्या एका स्नेह्यांचा पाय मुरगळला होता, तो खडकाळ तुकडा 'रॉक गार्डन' म्हणून प्रसिद्ध आहे.

यातला प्रत्येक तुकडा स्ट्रावा या अ‍ॅपवर मोजला जातो आणि तो सर्वांत कमी वेळात पार करणारा त्या तुकड्याचा राजा होतो. ट्रेलकर 'टेम्पल ड्रॉप'चा राजा होता. अडीचशे मीटर लांबीचं राज्य, त्यात प्रजा म्हणून दोन घाणेरीची झुडपं आणि एक झोपलेलं कुत्रं. पण राज्य ते राज्य. एका रात्री जेवताना फोन वाजला. राज्य गेल्याची सूचना अ‍ॅप स्वतःहून पाठवतं, आणि तीही मोठ्या आपुलकीने. कॉलेजातल्या कुठल्याशा पोराने त्याचा वेळ चार सेकंदांनी मोडला होता. ट्रेलकर हात धुऊन उठला. ताटात त्याच्या आवडीचं भरलं वांगं होतं, यावरून धक्क्याची कल्पना यावी.

रविवारी मात्र त्याला खरा सह्याद्री लागतो. मुळशी, वेल्हे, भोर. तिथे काळ्या कातळाच्या पायऱ्या असतात, मुरमाचा घसारा असतो, पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात करवंदीची जाळी. सायकल चालवण्याइतकीच ती खांद्यावरही घ्यावी लागते. वर चढवताना तर बहुतेक वेळ ढकलावीच लागते, हे ट्रेलकर कधी सांगत नाही. पण डोंगरातली माणसं पाहतात ना! सायकल ढकलत धापा टाकत चाललेला, डोक्याला हेल्मेट आणि गुडघ्याला ढाली बांधलेला हा इसम बघून बांधावरचा म्हातारा हमखास काळजीने विचारतो, "सायेब, बिगाडली का गाडी?"

"नाही मामा, ठीक आहे."

"मग बसा की तिच्यावर."

एकदा मुळशीकडच्या एका वाडीत असाच एक संवाद घडला. तो ट्रेलकर विनोद म्हणून सांगतो. मला तो तितकासा विनोदी वाटत नाही. वाडीतल्या बाईने विचारलं, "हितनं कशाला उतरताय? पलीकडनं डांबरी झालीया."

"आम्हाला डांबरी नकोच आहे मावशी. अशी वाटच हवी."

मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग घरात तोंड करून म्हणाली, "अवं, ऐकलं का? आपुन इतकी वर्सं अर्ज करतोय, आन् ह्येंला आधीचीच वाट पायजे." तिने त्याला ताक दिलं. देताना तांब्या थोडा जपून दिला, असं ट्रेलकरच म्हणतो.

तर राइड अशी होते. पण ट्रेलकरच्या हिशेबात राइड हा निम्माच भाग आहे. सांगितली गेली नाही तोवर ती पुरी होत नाही. दुपारी मिसळीच्या टेबलावर पहिला प्रयोग होतो. तिथे सगळेच सोबत असल्यामुळे कथेला मर्यादा पडतात. संध्याकाळी घरी दुसरा. सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये तिसरा, आणि तिसऱ्यापासून खरी बहार येते. रविवारी सकाळी जो दगड कमरेएवढा होता तो सोमवारी छातीपर्यंत येतो. पाच फुटांची उडी गणपतीत सांगितली तर सहा फुटांची असते आणि दिवाळीच्या फराळापर्यंत तिचे आठ झालेले असतात. सह्याद्रीची उंची वाढते आहे की नाही हे भूगर्भशास्त्रज्ञांनी ठरवावं. आमच्या सोसायटीपुरती ती वाढते आहे.

सांगण्याची भाषाही ठरलेली. "वरून बघितलं तर काका, लाइनच दिसत नव्हती. डावीकडे झाड, उजवीकडे दरी. आणि सगळं लूज. म्हटलं, आता विचार केला तर संपलं. सीट खाली, वजन मागे, आणि सेंड!" हे 'सेंड' म्हणताना तो खुर्चीतून अर्धा उठतो आणि दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करतो. समोर चहाचा कप असेल तर आधी उचलून ठेवावा.

शब्दांवर भागत नाही म्हणून हेल्मेटवर कॅमेरा असतो. तो लावणाऱ्याला निसर्गाने एक शिक्षा ठेवली आहे: कॅमेऱ्यात कुठलाही उतार सपाट दिसतो. जिथे ट्रेलकरची जीभ टाळ्याला चिकटली होती ती जागा आमच्या टीव्हीच्या पडद्यावर पर्वतीच्या पायथ्याच्या रस्त्याइतकीच निरुपद्रवी दिसते. मग तो चित्र थांबवतो, उठून पडद्याजवळ जातो आणि तळहात जवळजवळ उभा धरून सांगतो, "दिसत नाहीये, पण हे असं आहे." चित्र पुन्हा चालू होतं. हँडल, पायवाट, हँडल, पायवाट. आवाजात वारा आणि धाप. तीस-पस्तीस मिनिटांनी एक बकरी येते. प्रेक्षकांत जरा चैतन्य पसरतं. ट्रेलकर म्हणतो, "ही पुढे पळव."

पूर्वीच्या शिकाऱ्यांच्या, मासे पकडणाऱ्यांच्या थापा मोकळ्याढाकळ्या असायच्या. हात पसरून "एवढा मोठा" म्हटलं की भागायचं. ट्रेलकरची थाप दशांशचिन्हासह येते. मनगटावर घड्याळ, हँडलवर गार्मिनचं जीपीएस यंत्र, खिशात फोन. चढ ७४३.६ मीटर, कमाल वेग ताशी ४१.२ किलोमीटर. यंत्रं आली तेव्हा वाटलं होतं की आता माणसं खरं बोलतील. यंत्रांनी फक्त आकडे पुरवले, त्यातले कोणते सांगायचे हे माणसाच्याच हाती राहिलं. त्यातून 'मूव्हिंग टाइम' नावाची एक सोय आहे. सायकल थांबली की घड्याळही थांबतं. दम खायला टेकलेली वीस मिनिटं, भजी खायला घालवलेला अर्धा तास, वाट चुकल्यावर झालेलं भांडण, यातलं काहीच मोजलं जात नाही. माणसाच्या आयुष्यातून बसून काढलेला वेळ असा वजा करता आला असता तर आम्ही सगळेच अजून शाळेत असतो.

ट्रेलकर परदेशात गेला की त्याच्या प्रतिभेला दुसरे पंख फुटतात. कंपनीच्या कामासाठी तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला तेव्हा शनिवार गाठून गोल्डन गेट ओलांडून मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावी जाऊन आला. ही त्यांची पंढरी. १९७६ साली तिथल्या काही अवली तरुणांनी डोंगरातल्या एका कच्च्या रस्त्यावर वेळ लावून उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबून लागणारा. खाली पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि पुन्हा नवं भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नाव पडलं रिपॅक. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली, टॉम रिची ही नावं ट्रेलकर संतांच्या नावांसारखी कानाच्या पाळीला हात लावून घेतो. १९७७ मध्ये ब्रीझने डोंगरासाठीच म्हणून सायकल बांधली आणि १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला.

"पण ७६ साली या सायकली होत्या कुठे?" आण्णांनी विचारलं.

"नव्हत्याच! हीच तर गंमत आहे. त्यांनी १९३०-४०च्या जुन्या, जाडजूड, जड सायकली भंगारातून आणल्या. गिअर नाही, सस्पेन्शन नाही."

"म्हणजे माझ्यासारखी."

"हो, जवळजवळ तशीच."

आण्णा काही वेळ गप्प राहिले. "ती तू भंगारात दिलीस," ते म्हणाले.

मरीनहून तो आणखी एक गोष्ट शिकून आला आणि तिथेच ठेवून आला. तिथल्या डोंगरात बऱ्याच अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आहे आणि रुंद वाटांवर वेगाची मर्यादा आहे, ताशी १५ मैल. आंधळ्या वळणावर पाचच. वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, चालणाऱ्याला द्यायची, घोडा आला तर थांबायचं. ट्रेलकरने तिथे हे सगळं कसोशीने पाळलं. भाड्याच्या सायकलला त्याने घंटी लावून घेतली होती आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक अमेरिकन आजोबांना थांबून 'गुड मॉर्निंग' म्हटलं. "काय शिस्त आहे काका! ट्रेल एटिकेट!" हे त्याने मला वेताळ टेकडीवर सांगितलं. त्याआधी दोनच मिनिटं तो वरून "साइड! साइड!" असं ओरडत आला होता आणि आमच्या हास्यक्लबाचे अध्यक्ष घाणेरीत शिरले होते.

कॅनडात व्हिस्लरला तर स्वर्गच आहे. हिवाळ्यात स्कीइंगसाठी वापरतात तीच पाळण्याची लिफ्ट उन्हाळ्यात माणसं आणि सायकली वर नेते. चढायचं लिफ्टने, उतरायचं सायकलने. दिवसभर तेच. वाटांवर पाट्या असतात. हिरवी सोप्या वाटेची, निळी मधली, काळी अवघड आणि दोन काळ्या चौकटी म्हणजे विमा तपासून या. अमेरिकेत युटामध्ये मोआबला सँडस्टोनच्या उघड्या खडकावर सतरा-अठरा किलोमीटरची फेरी आहे. खडकावर वाट कशी उमटणार, म्हणून पांढरे पट्टे रंगवले आहेत आणि त्यांच्यामागून जायचं. न्यूझीलंडला रोटोरुआच्या जंगलात उंचच उंच रेडवूड आणि गावभर गंधकाचा वास. हे सगळं ट्रेलकर पुण्यात बसून सांगतो आणि दर तीन वाक्यांनंतर उसासा टाकतो, "आपल्याकडे असं काही नाही हो."

पण व्हिस्लरच्या लिफ्टमध्ये शेजारी बसलेल्या कॅनेडियन माणसाला त्याने काय सांगितलं, हे त्याच्याच व्हिडिओत कॅमेरा चालू राहिल्यामुळे आम्हाला ऐकायला मिळालं. तिथे तो सह्याद्रीबद्दल बोलत होता. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर, त्यात कोरलेल्या पायऱ्या, शिवाजी महाराजांचे किल्ले, सिंहगड १,३०० मीटर, घाटावरून कोकणात उतरणाऱ्या व्यापाराच्या जुन्या वाटा. "यू हॅव नथिंग लाइक दॅट," असं तो त्या माणसाला सांगत होता आणि ते खरंही होतं. कॅनेडियन म्हणाला, आमच्या ट्रेलवर काळी अस्वलं येतात. ट्रेलकर म्हणाला, आमच्याकडे बिबट्या. कॅनेडियनने काल संध्याकाळी पाहिलेल्या अस्वलाचा फोटो दाखवला. ट्रेलकरने बिबट्या पाहिलेला नाही. तो म्हणाला, "द लेपर्ड सीज यू." हे वाक्य त्याला ऐन वेळी सुचलं याचा मला शेजारी म्हणून अभिमान वाटला.

ट्रेलकरला आजवर सांगण्यात एकदाच हार पत्करावी लागली, आणि तीही घरात. तो नेपाळला गेला होता. मुस्तांगमध्ये मुक्तिनाथाहून सायकलने खाली कागबेनी, तिथून जोमसोम. ३,७०० मीटरच्या वरून सुरुवात, रखरखीत तपकिरी डोंगर, आणि दुपार झाली की कालीगंडकीच्या खोऱ्यात असा वारा सुटतो की उतारावरही पेडल मारावं लागतं. वर दिसते ती थोरोंग ला, ५,४१६ मीटर. पुढच्या वर्षी सायकल खांद्यावर घेऊन ती ओलांडायचा बेत आहे, हेही त्याने सांगून टाकलं. चांगली पंचवीस मिनिटं रंगली होती. मग त्याची आई, माई, म्हणाल्या, "दर्शन झालं का?"

"कसलं?"

"मुक्तिनाथाला गेलास ना? आम्ही यात्रेबरोबर गेलो होतो तेव्हा जोमसोमहून वर गेलो. तिथे देवळामागे १०८ धारा आहेत, गोमुखातून पडतात. बर्फाचं पाणी. मी एकेका धारेखालून गेले. सगळ्या एकशे आठ. वय तेव्हा अडुसष्ट. कुलकर्णीबाईंना चाळिसाव्या धारेला हुडहुडी भरली, त्या बाहेर आल्या. मी नाही आले."

खोली स्तब्ध झाली. माईंनी ना हात पुढे केले, ना खुर्चीतून उठल्या. आकडा एकच सांगितला आणि तो पूर्णांकात होता. पाहुण्यांनी पुढचा अर्धा तास माईंना प्रश्न विचारले. ट्रेलकर कोपऱ्यात फोनवर मुक्तिनाथाच्या धारांचं तापमान शोधत बसला होता.

पडण्याबद्दल बोललं नाही तर हे चित्र अपुरं राहील. या पंथात दुखापतींचीही प्रतवारी आहे. खरचटणं म्हणजे काहीच नाही. बोट मोडणं हे नवशिक्याचं. मान आहे तो कॉलरबोनला. हँडलवरून पुढे फेकला गेलेला माणूस हात टेकतो किंवा खांद्यावर पडतो आणि गळ्याजवळचं ते हाड मोडतं. ट्रेलकरचं मोडलं तेव्हा त्याचा एक्स-रे मित्रमंडळात लग्नपत्रिकेआधी पोहोचला. त्याच आठवड्यात चुलतबहिणीचं लग्न होतं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या गाडीने उडवलं?"

"गाडी नाही. झाड मध्ये आलं."

"झाड रस्त्यात होतं?"

"रस्ता नव्हता."

डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं ते कळलं नाही, पण फी नेहमीपेक्षा कमी घेतली. सहा आठवडे हात गळ्यात बांधून ट्रेलकर सोसायटीच्या फाटकाशी उभा राहायचा. ही त्याची सर्वांत सुखाची सुट्टी होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा. भाजीवालीने दोनदा विचारलं.

आणि तरी, या माणसाने एकदा मला एक राइड अशी सांगितली की मी चहा गार होऊ दिला.

ऑक्टोबर संपत आला होता. भोरकडच्या एका जुन्या घाटवाटेने तो एकटाच कोकणात उतरला होता. गार्मिन रात्री चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं, ते अर्ध्या तासात मेलं. फोन नेटवर्क शोधून शोधून दमला. कॅमेऱ्याच्या काचेवर धुकं बसलं. मित्रमंडळाच्या ग्रुपवर त्याने संध्याकाळी सगळी हकिकत सांगितली आणि सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला, "फाइल कुठाय?" फाइल नव्हती. कोणीतरी हसणारा चेहरा टाकला. एकाने विचारलं, एसटीने उतरलास का? वर्षानुवर्षं ज्यांनी त्याचे आठ-आठ फूट निमूटपणे गिळले होते, त्यांना या वेळी घास उतरेना. मग तो माझ्याकडे आला.

"काका, निम्मी वाट मी ढकलतच होतो," त्याने सुरुवात केली. मी सावरून बसलो. ढकलणं हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "एका जागी तर घाबरून बसलोच. परत वर जायची ताकद नव्हती आणि खाली बघवत नव्हतं. एक धनगर आजोबा आले, त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, हितं बसून वाट कमी व्हनार हाय का? मग उठलो. पुढे एक कातळाचा उतार होता, तो मात्र बसून उतरलो. पाय न टेकता. सरळ खाली."

"किती होता?"

"वीस फूट." तो थांबला, खिडकीबाहेर बघून मनाशी काही मोजलं. "वीस नसेल. पंधरा. बारा धरा काका."

इतक्या वर्षांत सांगता सांगता उतार कमी झाल्याचं मी हे एकदाच पाहिलं. त्यामुळे माझा त्या बारा फुटांवर पूर्ण विश्वास आहे आणि तसं मी त्याला म्हटलंही. त्याला बरं वाटलं असावं, पण पुरेसं वाटलं नाही. एका माणसाच्या विश्वासाने ट्रेलकरचं भागत नाही, त्यातून माझं तर स्ट्रावावर खातंही नाही.

पुढच्याच रविवारी गार्मिन, फोन, कॅमेरा आणि दोन पॉवर बँका भरून घेऊन तो पुन्हा त्या वाटेला गेला. आता त्या राइडची फाइल आहे, व्हिडिओ आहे, चढ-उताराचा आलेख आहे. कातळ सध्या पंचवीस फुटांचा आहे आणि दिवाळी अजून व्हायची आहे.